रजेचे पैसे मुरतात कुठे?

गणपतीच्या आधीचा आठवडा. चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत एकाच लाइनवर शेजारी उभे असलेले दोन कामगार गावी निघायच्या तयारीत असतात. एक कंपनीच्या मस्टरवरचा, तो रजेचा अर्ज टाकतो. दुसरा ठेकेदाराच्या मस्टरवरचा, तो खाडा करतो. दोघंही सहा दिवस गावी राहतात, आरत्या म्हणतात, विसर्जन करून परततात. महिनाअखेरीस पहिल्याला पूर्ण पगार मिळतो. दुसऱ्याचे सहा दिवस कापले जातात आणि महिनाभर खाडा नसेल तरच मिळणारं हजेरी बक्षीसही जातं.

हे इतकं अंगवळणी पडलं आहे की ठेकेदारीत भरपगारी रजा नसतेच, असं कामगार मानून चालतात आणि पुष्कळ सुपरवायझरही तसंच सांगतात. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कामगाराची व्याख्या करतानाच थेट नेमलेला आणि ठेकेदारामार्फत आलेला, दोघांनाही एकाच वाक्यात बसवलं होतं. वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा, हे माप दोघांना सारखंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही माप तेच आहे. त्यात भर म्हणजे, पात्रतेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, ते आता १८० वर आले आहेत.

मग त्या दुसऱ्या कामगाराची रजा जाते कुठे? पुष्कळ ठिकाणी कंपनीने तिचे पैसे मोजलेले असतात. दर महिन्याच्या बिलात त्याची वेगळी ओळ असते. ते पैसे कामगाराच्या हातात रजा म्हणून पोचत नाहीत, वाटेत दरात मुरतात. रजेचा पगार ठेक्याच्या मासिक दरात मिसळायची ही पद्धत बंद झाली पाहिजे. ती चालू असेपर्यंत रजेचे दिवस १५ वरून २० केले काय किंवा पात्रता १८० वरून ९० वर आणली काय, ठेक्यावरच्या माणसाच्या आयुष्यात एका दिवसाचाही फरक पडणार नाही.

ठेक्याचा दर कसा बांधतात ते एकदा आकड्यांत पाहू. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेतले आहेत. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिना १३,००० रुपये. त्यावर ५ टक्के घरभाडे, ६५० रुपये. म्हणजे कामगाराचा महिन्याचा पगार १३,६५० आणि २६ दिवसांनी भागलं तर रोज ५२५. आता कंपनीच्या वाट्याचा खर्च. भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) प्रशासकीय खर्च आणि विम्यासह १३ टक्के, १,६९० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, ३.२५ टक्के, ४४४. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,०८३. आणि मग ती ओळ येते, रजेचा पगार. वर्षाला १५ दिवस गुणिले ५२५, म्हणजे ७,८७५ रुपये. बाराने भागलं की महिन्याला ६५६. सगळ्यांची बेरीज १७,५२३.

या बेरजेवर ठेकेदाराचं सेवाशुल्क. निविदेत खरी स्पर्धा इथेच असते, कारण बाकीच्या ओळी कायद्याने ठरलेल्या. सेवाशुल्क ३ टक्के धरलं तर होतात ५२६ रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ठेकेदाराची जाहीर कमाई माणशी ५२६ आणि त्याच्या हातात आलेले रजेचे पैसे माणशी ६५६. दोनशे माणसांच्या ठेक्यात रजेपोटी वर्षाला १५ लाख ७५ हजार रुपये ठेकेदाराच्या खात्यात जमा होतात. ही रक्कम कामगाराची आहे, हे बिलात लिहिलेलं असतं. पण बिल कामगाराला दिसत नाही. त्याला दिसते ती पगाराची स्लिप आणि तिच्यावर रजेचा रकाना एकतर नसतो किंवा त्यात शून्य असतं.

कंपनीचा खरेदी विभाग सेवाशुल्क ३ वरून २ वर आणि २ वरून दीडवर आणतो, तेव्हा कमी दराने माणसं मिळाली असं त्याला वाटतं. दीड टक्क्यात ठेकेदाराचं ऑफिस, दोन सुपरवायझर, पीएफचं चलन भरणारा माणूस, गणवेश आणि दोन महिने अडकून पडलेलं भांडवल यांतलं काहीच भागत नाही, हे त्या टेबलवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी सही होते. त्या सहीच्या क्षणी रजेची, आणि बऱ्याचदा बोनसचीही, रक्कम ठेकेदाराच्या नफ्याच्या बाजूला सरकते. म्हणून हा दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. अशक्य दराला मंजुरी देणारी कंपनी, आणि सरकारी निविदा असेल तर ती महापालिका, ते महामंडळ, ते रुग्णालय, या व्यवहारात बरोबरीचे भागीदार आहेत.

पैसे मुरण्याच्या वाटा तीन.

पहिली सरळ आहे: द्यायचेच नाहीत. कामगार मागत नाही, कंपनी विचारत नाही, ठेका संपतो.

दुसरी वाट वरून प्रामाणिक दिसते आणि म्हणूनच जास्त पसरली आहे. ते ६५६ रुपये दर महिन्याच्या पगारातच 'रजा भत्ता' किंवा 'एल. डब्ल्यू.' नावाने टाकून द्यायचे. ठेकेदार सांगू शकतो, मी पै न पै दिली. कामगारालाही हातात सहाशे रुपये जास्त आलेले बरे वाटतात. पण गणपतीत तो सहा दिवस गावी जातो तेव्हा ५२५ च्या हिशेबाने ३,१५० रुपये कापले जातात आणि त्याला वाटतं, हे खाड्याचे. खरं तर ती त्याची रजा होती, तिचे पैसे हप्त्याहप्त्याने आधीच देऊन संपवलेले होते. आपल्याला रजा होती हेच त्याला कधी कळत नाही. जुन्या अधिनियमात नोकरी चालू असताना रजा न देता तिचे पैसे देऊन मोकळं व्हायची सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती. रजा विश्रांतीसाठी आहे आणि पैसे हे ती घेता यावी म्हणून आहेत, हा त्यामागचा विचार. नव्या संहितेत वर्षाच्या शेवटी मागणी केल्यास रजा विकता येते, पण मागणी कामगाराने करायची आहे. मालकाने किंवा ठेकेदाराने परस्पर दर महिन्याला ती विकून टाकायची मुभा त्यातही नाही.

या दुसऱ्या वाटेत आणखी एक नुकसान लपलेलं आहे. रजेवर असताना मिळणारा पगार हा पीएफसाठी पगारच आहे, पीएफच्या मूळ अधिनियमातल्या व्याख्येतच 'कामावर किंवा रजेवर असताना' असं म्हटलं आहे. रजा विकून आलेल्या रकमेवर मात्र पीएफ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं. त्यामुळे रजेची रक्कम भत्ता म्हणून वेगळी काढली की तिच्यावरचा पीएफ भरायचा टळतो, आणि खाड्याच्या सहा दिवसांचा पीएफ तर आपोआपच पडत नाही. मूळ वेतन रोज ५०० धरलं तर सहा दिवसांत मालकाच्या हिश्श्याचे ३६० रुपये कामगाराच्या नावावर कमी भरले जातात. एका वर्षाला ही रक्कम लहान दिसते. वीस-पंचवीस वर्षं ठेक्यावर काढलेल्या माणसाचं खातं उघडलं की ती लहान राहत नाही.

तिसरी वाट हिशेबाची. रजा देतात, विकतही घेतात, पण दिवसाचा दर काढताना फक्त मूळ वेतन धरतात आणि २६ ऐवजी ३० ने भागतात. १३,००० भागिले ३० म्हणजे ४३३ रुपये ३३ पैसे, १५ दिवसांचे ६,५००. खरा हिशेब ७,८७५ चा. माणशी १,३७५ रुपये घरभाडं वगळून आणि भाजक बदलून गेले. अधिनियमाच्या कलम ८० मध्ये दर कसा काढायचा ते स्पष्ट होतं: रजेच्या लगतच्या आधीच्या महिन्यात माणूस प्रत्यक्ष जितके दिवस कामावर होता, त्या दिवसांच्या पूर्णवेळ कमाईची रोजची सरासरी. त्यात महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम आणि बोनस वगळायचा. 'फक्त बेसिक' हा शब्द तिथे नाही आणि ३० हा आकडाही नाही. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीत १५ भागिले २६ सगळे मुकाट्याने लावतात, कारण तो आकडा कायद्यात छापलेला आहे. रजेच्या वेळी मात्र तेच अकाउंट ऑफिस ३० वर येतं.

असाच दुसरा हिशेबी दोष म्हणजे शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधला रविवारही रजेत मोजायचा. कारखान्याच्या भरपगारी रजेत हे चालत नाही. रजेच्या मधे किंवा टोकाला आलेली सुट्टी रजेत धरायची नाही, असं अधिनियमात नमूद होतं. वर्षभरात असे तीन-चार रविवार गिळले की पंधरा दिवसांची रजा अकरा-बारावर येते.

पण सगळ्यात मोठी गळती दिसते ती ठेका बदलताना किंवा माणूस सोडून जाताना. इथे एक चुकीची समजूत इतकी घट्ट आहे की जाणकार मॅनेजरही ती बोलून दाखवतात: २४० दिवस भरले नाहीत, मग रजेचे पैसे कसले? दर सात महिन्यांनी 'ब्रेक' देऊन नोकरी तोडायची प्रथा याच समजुतीवर उभी आहे. आता कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ चं तिसरं पोटकलम पाहा. कामगाराला काढलं, बडतर्फ केलं, त्याने स्वतः सोडलं, तो निवृत्त झाला किंवा वारला, तर पात्रतेचे दिवस भरलेले नसले तरी, जितके दिवस काम केलं त्याच्या वीसाला एक या मापाने रजेचे पैसे द्यायचे. काढलं किंवा सोडलं असेल तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत, निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर दोन महिन्यांत. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक आला तर पूर्ण दिवस धरायचा. नव्या संहितेने ही तरतूद तशीच पुढे चालवली आहे.

म्हणजे सात महिन्यांनी 'ब्रेक' दिलेल्या, १७५ दिवस हजेरी भरलेल्या कामगाराचा हिशेब असा: १७५ भागिले २० म्हणजे ८.७५, अर्ध्याहून जास्त म्हणून ९ दिवस. ५२५ ने ४,७२५ रुपये. ही रक्कम ठेकेदाराने उदार होऊन द्यायची नाही, दोन दिवसांत द्यायचं देणं आहे. शेवटच्या पगाराबरोबर ती दिल्याचं पाहणं मूळ मालकाचं, म्हणजे कंपनीचं काम आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो कंपनीने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमापासून चालत आलेलं आहे, आजच्या संहितेतही आहे. रजेचा पगार हा पगारच.

ठेका बदलताना काय होतं? ३१ मार्चला जुना ठेकेदार जातो, १ एप्रिलला नवा येतो. माणसं तीच, मशीन तेच, गेट तेच. गणवेशावरचं नाव बदलतं, नवं ओळखपत्र मिळतं आणि रजेचं खातं शून्यापासून सुरू होतं. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, माणसाबरोबर नव्या ठेकेदाराकडे जातो, ईएसआयचा विमा क्रमांक जातो. रजेची शिल्लक तेवढी जात नाही, कारण तिला क्रमांकच नाही. जुना ठेकेदार म्हणतो माणसं कामावरच आहेत, हिशेब कसला. नवा म्हणतो मागचं मला माहीत नाही. दोन्ही वाक्यं ऐकायला बरोबर वाटतात, आणि पाच-पाच, दहा-दहा दिवसांची शिल्लक त्यांच्या मधल्या फटीत पडते. जुन्या ठेकेदाराकडची नोकरी संपली, म्हणजे त्याने शिल्लक रजेचे पैसे दोन दिवसांत द्यायचे. यात अर्थ लावण्यासारखं काही नाही. अडचण अंमलबजावणीची आहे आणि तिची किल्ली एकाच ठिकाणी आहे: जुन्या ठेकेदाराचं शेवटचं बिल आणि त्याची अनामत रक्कम.

आता आक्षेप. ठेकेदारांचा पहिला आक्षेप रास्त आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आणि कंपनीचं बिल निघायला ४५ ते ६० दिवस. तोवर दोनशे माणसांच्या पगाराचे सत्तावीस लाख त्याने उभे करायचे, तेही व्याजाने. रजेच्या ओळीचे पैसे तो बिनव्याजी भांडवल म्हणून वापरतो ते हौसेने नाही. म्हणून रजेचे पैसे त्याच्या हातून काढून घ्यायचे असतील तर त्याच वेळी बिलाची मुदत आवळावी लागेल. पगार बँकेत जमा झाल्याचा आणि पीएफ-ईएसआय चलन भरल्याचा पुरावा दिल्यावर १० दिवसांत बिल, अशी अट करारात कंपनीवरही हवी. सेवाशुल्काचीही एक खालची मर्यादा हवी, जिच्या खाली आलेली निविदा उघडताच बाद व्हावी. ठेकेदाराला खरं सेवाशुल्क द्यायचं नाही आणि त्याने रजा खाऊ नये म्हणायचं, हे दोन्ही एकदम होणार नाही.

दुसरा आक्षेप कामगारांकडून येतो आणि तो जास्त जड आहे. "रजा नको, पैसे द्या." पंधरा हजारांच्या आतल्या पगारात खोलीचं भाडं, गावी पाठवायचे पैसे आणि मुलांची फी भागवणाऱ्या माणसाला विश्रांतीचे दिवस परवडत नाहीत, हे खरं आहे. त्याने वर्षाच्या शेवटी रजा विकायची ठरवली तर तो त्याचा हक्क आहे आणि संहितेने तो दिला हे चांगलंच झालं. पण निवड करायला आधी रजा हातात दिसायला हवी. जानेवारीत एकरकमी ७,८७५ रुपये आणि महिन्याला पगारात मिसळलेले ६५६ यांत गणिताने फरक नाही, व्यवहारात मोठा आहे. एकरकमी आलेल्या पैशातून शाळेची फी भरली जाते, उधारी फिटते. ६५६ किराण्यात जातात आणि वर्षभर कोणी आजारी पडलं, गावी कोणी वारलं, पेरणी आली की प्रत्येक वेळी खाडाच पडतो. शिवाय खाडा परवडत नाही म्हणून तापातही कामावर आलेला माणूस पॉवर प्रेससमोर उभा असतो. त्याच्या हातांचा प्रश्न ६५६ रुपयांत बसत नाही.

भरपगारी रजा ही मुळात थकव्याशी झगडून मिळवलेली गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती बिनपगारी होती. भरपगारी वार्षिक सुट्टी कायद्यात यायला १९४५ साल उजाडलं, बारमाही कारखान्यांतल्या कामगाराला वर्षाच्या नोकरीनंतर १० दिवस. १९४८ च्या अधिनियमाने ती कामाच्या दिवसांशी जोडली. रजा रोज थोडी-थोडी कमावली जाते, हे त्या जोडणीतून ठरलं. वीस दिवस मशीनसमोर उभं राहिलं की एकविसावा दिवस खात्यात पडतो. एकदा कमावलेली गोष्ट मालमत्ता असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात हेच म्हटलं: शिल्लक रजेचे पैसे हे पगारासारखेच आणि पगार ही मालमत्ता, कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही.

कमावलेल्या रजेचे पैसे मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या हातात न ठेवता तिसऱ्या हातात ठेवायचे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम याच अडचणीतून आला. बाजारात हमालाचा मालक सकाळी एक आणि दुपारी दुसरा. अशा माणसाला रजा कोण देणार? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या चळवळीतून जे उत्तर निघालं ते असं: माल उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराच्या नावावर पीएफ, बोनस, रजेचा पगार साठवतं आणि देतं. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ च्या अधिनियमाने तशीच मंडळं झाली. या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव आहे, ते आवरायलाच हवं. पण मालक बदलला तरी रजेचे पैसे बुडत नाहीत, ही व्यवस्था पन्नास वर्षांहून जास्त काळ चालवून दाखवली आहे. हमालाच्या बाबतीत जे जमलं ते यूएएन असलेल्या, बँक खातं असलेल्या, बोटाचा ठसा देऊन आत जाणाऱ्या कामगाराच्या बाबतीत जमत नाही, हे पटत नाही.

कारखान्यांसाठी नवं मंडळ काढायची गरज नाही. करारातल्या चार अटी पुरतात. रजेच्या पगाराची ओळ मासिक दरातून काढून टाकायची आणि प्रत्यक्ष खर्चावर आणायची. कामगाराने रजा घेतली किंवा विकली, पैसे त्याच्या खात्यात जमा झाले, त्याचा बँकेचा उतारा बिलाला जोडला, की तेवढी रक्कम कंपनीने द्यायची. तोवर ती कंपनीच्या वहीत देणं म्हणून उभी राहील. पगाराच्या स्लिपवर तीन आकडे सक्तीचे: या वर्षी कमावलेली रजा, घेतलेली रजा, शिल्लक. हजेरीच्या मशीनमधून ते आपोआप निघतात, वेगळा कारकून लागत नाही. ३१ डिसेंबरला शिल्लक रजेचा तक्ता, कामगाराला समजेल अशा मराठीत किंवा हिंदीत, गेटजवळच्या फलकावर. आणि ठेका संपताना माणशी हिशेबाचा तक्ता व जमा झाल्याचा पुरावा आल्याशिवाय शेवटचं बिल आणि अनामत सोडायची नाही.

पहिली अट सगळ्यात महत्त्वाची. तिने एका फटक्यात ठेकेदाराचा रजा बुडवण्यातला फायदा संपतो. न दिलेल्या रजेचे पैसे त्याला मिळतच नाहीत. उलट रजा दिली तर त्याचं बिल वाढतं, त्यावर सेवाशुल्कही मिळतं. आज कामगाराने रजा मागितली की सुपरवायझरच्या कपाळाला आठी पडते, ती पडायचं कारणच उरत नाही. सरकारी निविदांमध्ये ही अट घालायला नवा कायदा लागत नाही, निविदेचा नमुना बदलला की झालं. राज्य सरकार, महापालिका आणि महामंडळं एवढी माणसं ठेक्याने घेतात की त्यांनी नमुना बदलला तर खासगी कंपन्यांना तो बघावाच लागेल.

नव्या संहितांत एक धोका आहे, तो राज्याच्या नियमांत आत्ताच बुजवला पाहिजे. 'वेतन' या शब्दाची नवी व्याख्या घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते वगळते आणि वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी ही व्याख्या कामगाराच्या फायद्याची, कारण तिथे मूळ वेतन कृत्रिमरीत्या खाली ठेवलं जात होतं. पण रजेच्या दराला तीच व्याख्या लावली तर उलट होईल. महिना २०,००० मोबदला, त्यात मूळ वेतन ८,००० आणि भत्ते १२,००० असलेल्या माणसाचं नव्या व्याख्येने वेतन १०,०००. रजेचा दिवस १०,००० भागिले २६ ने ३८५ रुपयांवर येईल. जुन्या कलम ८० प्रमाणे तोच दिवस ७६९ रुपयांचा होता. रजेवर असलेल्या माणसाच्या खोलीचं भाडं त्या दिवशी माफ होत नाही. म्हणून रजेचा पगार पूर्णवेळ कमाईच्या सरासरीनेच काढायचा, हे जुनं माप नियमांत शब्दशः लिहिलं जायला हवं. कामगार संघटनांनी वेतनाच्या व्याख्येवर पीएफच्या अंगाने पुष्कळ चर्चा केली, या बाजूने फार कमी.

दुकानं आणि ऑफिसांबद्दल थोडक्यात. तिथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू आहे. माप तेच, वीसाला एक, शिवाय ८ दिवस किरकोळ रजा आणि ८ भरपगारी सण-सुट्ट्या. किरकोळ रजा वर्षाअखेर बुडते, भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. ३१ डिसेंबरला सगळी रजा 'लॅप्स' झाल्याचा मेल पाठवणाऱ्या ऑफिसांनी हा फरक वाचावा. १५ दिवस आधी अर्ज करून मालकाने नाकारलेली रजा ४५ च्या वर गेली तर ती विकायचा हक्क आहे. म्हणून नकार लेखी घ्यावा. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये या कायद्याची किमान मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेण्याचा निर्णय घेतला. दहा ते एकोणीस माणसांच्या दुकानातल्या विक्रेत्याच्या रजेचं काय, याचं उत्तर तो निर्णय देत नाही, आणि मला तो चुकीचा वाटतो.

नियम बदलेपर्यंत ठेक्यावरच्या कामगाराने काय करायचं? अर्ज तोंडी करायचा नाही. रजेच्या १५ दिवस आधी दोन प्रतींत लिहून द्यायचा, एकीवर सुपरवायझरची सही आणि तारीख घ्यायची. सही देत नसेल तर तोच अर्ज फोटो काढून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि तो संदेश पुसायचा नाही. जुन्या अधिनियमात आजारपणाला १५ दिवसांची अट नव्हती. दर महिन्याची स्लिप जपायची, स्लिप देत नसतील तर पीएफच्या पासबुकातल्या नोंदी आणि बँकेचा उतारा चालतो, त्यावरून किती महिने कुणाकडे काम केलं ते सिद्ध होतं. दिवसांचा आकडा स्वतःच्या वहीत दर आठवड्याला लिहायचा. ठेका बदलला की जुन्या ठेकेदाराला शिल्लक रजेच्या दिवसांसह लेखी मागणी, प्रत कंपनीच्या एचआरला. कंपनीला प्रत देणं विसरू नये, कारण शेवटी देणं तिच्यावर येतं.

पैसे आले नाहीत तर वेतन संहितेखाली दावा करायला आता ३ वर्षं मुदत आहे. रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, मिळाले नाहीत हे कामगाराने सिद्ध करायचं नाही. एकट्याने दावा करायला माणूस घाबरतो, कारण दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड बंद पडतं. एका ठेक्यातल्या पन्नास जणांनी मिळून एकच अर्ज केला, किंवा त्यांच्या वतीने नोंदणीकृत संघटनेने केला, तर कार्ड बंद करणं अवघड जातं आणि कंपनीला त्या ठेकेदाराची जुनी बिलं कपाटातून बाहेर काढावी लागतात. रजेची ती ओळ, माणशी ६५६ रुपये, दर महिन्याला, त्या बिलांवर छापलेली असते.